आडनावानं लावलेले शब्द

९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असेल, आणि नसेल तरी तू कळवणार नाहीस, म्हणून ठीकच धरून चालते. वहिनीला नमस्कार, लेकीला पापा. तिची परीक्षा बरी गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं. तेव्हा तू बाजूलाच उभा होतास, हेही सांगितलं.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि मला पुढचं काही सुचत नाही. कागद बिचारा ऐकून घेतो.

मी अजून तिथेच, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये. पंचवीस वर्षं झाली. परवा नवीन साहेब आले आणि त्यांनी अकरा वर्षांपूर्वीची एक फाइल मागितली. चहा यायच्या आत ती त्यांच्या टेबलावर होती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. का सांगतेय ते पुढे कळेल.

तुला एक विचारायचं होतं, अगदी सहज. छापखाना बंद झाला तेव्हा नानांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे ठेवायचं ते चोवीस खणांचं कपाट घरी आणलं होतं. त्यात ते जमवत आले त्या इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या कुठल्या क्रमानं लावलेल्या असतात? लहानपणी तू तासन्‌तास त्यांच्या पायाशी बसून चिठ्ठ्या वाचून दाखवायचास, म्हणून तुला विचारतेय. समजा ‘स्टेशन’ हवं असेल, तर कितवा खण उघडायचा?

नानांनाच का नाही विचारत, असं तू म्हणशील. नाना सध्या घरी नाहीत. डिसेंबरच्या दोन तारखेला ते मागच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, छान झालं. आता चालायचा सराव करून घेतात त्या केंद्रात आहेत. तिथल्या नर्सची बोलण्यातली चूक रोज एक काढतात, म्हणजे प्रकृती उत्तम. तीस तारखेला घरी येतील. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. ‘इतक्यात सांगू नकोस’ म्हणून वहिनीला मीच बजावलं होतं. तिच्यावर चिडू नकोस, माझ्यावर चिड.

आता आडवळण पुरे. दादा, मी घोळ घातलाय.

नाना हॉस्पिटलमध्ये असताना मी ते कपाट पुसायला काढलं. एक खण उघडला, दुसरा उघडला. चिठ्ठ्या म्हणाव्या तर नीट कापलेल्या, अक्षर मोत्यासारखं, पण क्रमाचा पत्ता नाही. ‘बेकर’च्या मागे ‘पेपर’, ‘पेपर’च्या मागे ‘ब्रदर’, मग ‘कंडक्टर’. मला तो पसारा वाटला. नानांना घरी आल्यावर सुखद धक्का द्यावा म्हणून मी चार रविवार आणि रोजच्या संध्याकाळी बसून सगळ्या चिठ्ठ्या ए पासून झेडपर्यंत लावल्या. सहा हजार दोनशे सतरा. एकही हरवली नाही. शेवटच्या रविवारी खणांना पट्ट्या चिकटवल्या आणि स्वतःवर खूश होऊन भजी तळली.

तीन दिवसांनी नानांना भेटायला गेले तर ते म्हणाले, “घरी आलो की आधी ‘-शन’चा खण बघायचाय. इथे तीन नवे सापडलेत.” मी ‘हो हो’ म्हटलं आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. शेवटावरून लावले होते त्यांनी ते, दादा. पंचेचाळीस वर्षं. मी सगळे ढवळून टाकले.

त्यांना यातलं काही माहीत नाही. तीस तारखेच्या आत मला सगळं होतं तसं करायचंय, आणि तो क्रम नाना सोडून फक्त तुला ठाऊक आहे. तुझं आणि नानांचं जे आहे ते असू दे. मी तुला ये म्हणत नाहीये. फक्त क्रम सांग.

तुझी,
मुंगी

२१ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पाकीट मिळालं. अकरा पानं, आणि त्यात ना माझं नाव, ना तुझं. पहिल्या ओळीपासून थेट ‘खण एक : आइट’. इन्कम टॅक्सवालेसुद्धा याहून प्रेमानं लिहितात. पण अकराव्या पानाच्या तळाशी तू जे लिहिलंयस, ते मी कपाटावर चिकटवून ठेवलंय : ‘शेवट म्हणजे शब्दाचं आडनाव, असं नाना म्हणतात. क्रम कानानं, स्पेलिंगनं नाही. मोठ्यानं वाचूनच लाव.’

नाना ‘म्हणतात’, असं लिहिलंयस. ‘म्हणायचे’ नाही. मी ते दोनदा वाचलं.

पंचवीस वर्षं माणसांना आडनावानं लावत आले, आणि घरातल्या शब्दांना मात्र पहिल्या नावानं उभं केलं. कपाळ बडवावं की हसावं.

तर आता रोज कामावरून आले की मोठ्यानं वाचत बसते. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, “परीक्षेला बसलीस का गं?” तिसऱ्या दिवसापासून त्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि मी चुकले की हरकत घेतात. ‘काइट, लाइट, नाइट, व्हाइट, हाइट’ हे एका घरचे, हे त्यांना लगेच पटलं. ‘पोलाइट’ आला तेव्हा म्हणाल्या, हा जावई असणार.

मला आता नादच लागलाय. हॉस्पिटलमध्ये पेशंटचं नाव लिहितानाही शेपूट आधी दिसतं. ‘-शन’वाली सगळी मंडळी कचेरीत नोकरीला आहेत, तुझ्या लक्षात आलं होतं का? ॲप्लिकेशन, परमिशन, इन्स्पेक्शन, पेन्शन. एकही घरात चहा पीत बसलेला नाही. ‘-अर’वाले कामकरी : बेकर, प्लंबर, टीचर, ड्रायव्हर. आणि त्यांच्याच रांगेत फादर, मदर, सिस्टर, ब्रदर. त्यांचा धंदा काय म्हणून लावलेत, असा प्रश्न मला पडला. काकू म्हणाल्या, आईपणाला धंदा म्हणत नसशील तर तुझं लग्न झालं नाही तेच बरं. ‘-लेस’वाल्यांपाशी काही ना काही नसतंच, होमलेस, हेल्पलेस, आणि त्यात तो वायरलेस तेवढा मजेत. ‘-अप’च्या खणात तर तुझी शाळा भरलीये : स्टँड अप, शट अप, हरी अप, आणि सगळ्यात मागे ग्रो अप. मला इतके प्रश्न पडतात आणि विचारायला कोणी नाही. नानांना विचारलं तर बिंग फुटेल.

पण खरी गंमत चिठ्ठ्यांच्या पाठीवर आहे. तुला ठाऊक असेल, मला नव्हती. प्रत्येक चिठ्ठीमागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, तो शब्द नानांना कोणाकडून मिळाला. ‘दंतवैद्य.’ ‘बसमधला म्हातारा, उतरताना.’ ‘नॉनसेन्स’च्या मागे ‘ही, चिडून’, म्हणजे आई. ‘थोरला, वय आठ.’ ‘थोरला, शाळेतून, धावत.’ ‘थोरला, ताप असताना.’ तू सबंध कपाटभर पसरला आहेस, दादा.

मी माझी शोधली. सहा हजारांत एक सापडली. ‘ॲडमिशन. मुंगी, नोकरीचा पहिला दिवस.’ त्या दिवशी मी जेवताना सगळं सांगत होते आणि नाना ताटात बघत होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. त्यानंतर मी त्यांना काही सांगायचंच सोडून दिलं.

आता जे लिहिते ते पहिल्या पत्रात मुद्दाम टाळलं होतं. मी लिहिलं की मला तो पसारा वाटला. तेवढंच नव्हतं. ‘बेकर, पेपर, ब्रदर’ बघून मला वाटलं, नानांचं डोकं चालेनासं झालंय. कोणाच्या नजरेस पडायच्या आत झाकावं म्हणून मी ते आवरलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठून सांगितलं की यांना विसर पडतोय, जरा बघता का. त्यांनी नानांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. नानांनी सगळं बरोबर सांगितलं, आणि पूर्ण वेळ ते माझ्याकडे बघत होते, बाईंकडे नाही. त्यांना कळलं होतं कोणी सांगितलं ते.

एका घरात पन्नास वर्षं राहिले मी त्यांच्याबरोबर. हे काय लावताय, एवढं एकदाही विचारलं नाही. मला त्याची फार लाज वाटते.

आता तुझ्याबद्दल. सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मी कामावर होते. घरी आले तेव्हा टेबलावर दोन कप भरलेले, साय धरलेले, आणि नाना म्हणाले, “थोरला गेला.” पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही, तूही नाही. भांडण कॉम्प्युटरवरून झालं एवढंच मला माहीत होतं. खरं काय ते परवा वहिनीकडून काढून घेतलं. तू डिक्शनरीतले सगळे शब्द कॉम्प्युटरवर शेवटावरून लावून त्याचा गठ्ठा छापून आणलास, टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, “घ्या नाना, तुमची चाळीस वर्षं. चहा निवायच्या आत झालं.” वहिनी म्हणते, तू ते कौतुकानं आणलं होतंस, त्यांच्या हातांना आराम पडावा म्हणून. आधी कोणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. आता पटतं. मीही भजी तळलीच होती.

म्हणून हे तुला कळायला हवं. नाना चिठ्ठ्या पूर्वीपासून पाठकोऱ्या कागदाच्या कापतात. गेल्या सहा वर्षांतल्या चिठ्ठ्या मी वेगळ्या काढल्या. त्यांच्या एका कडेला छापील शब्दांची अर्धी ओळ दिसते. त्या तुझ्याच गठ्ठ्याच्या कापलेल्या आहेत. आणि त्यातल्या तीनशे चाळीस चिठ्ठ्यांच्या मागे लिहिलंय : ‘थोरला. कागदावरून.’ म्हणजे तू गेल्यावर त्यांनी तो गठ्ठा पानन्‌पान वाचला, त्यांच्याकडे नव्हते ते शब्द त्यातून निवडले आणि तुझ्या नावावर लावले.

तू म्हणशील, मग बोलले का नाहीत. मलाही तोच प्रश्न आहे.

चौदा खण झाले. दहा राहिले, दिवस नऊ.

तुझी,
मुंगी

१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नाना परवा घरी आले. वॉकर धरून चालतात, जिना दोघांच्या मदतीनं चढले, खाणंपिणं नीट आहे. आता हे सांगून झालं.

एकोणीस खण लावून झाले होते. उरलेल्या पाचांना मी कुलूप घालून ठेवलं होतं, आणि किल्ली हरवली म्हणून सांगायचं ठरवलं होतं. तू म्हणशील, पन्नाशीची बाई आणि हे उद्योग. पण नाना घरात शिरले ते पाणीही न घेता थेट कपाटाशी. मी म्हटलं, आधी बसा तरी. ते म्हणाले, “दोन महिने बसूनच काढलेत.” आणि त्यांनी नववा खण ओढला.

नववा म्हणजे ‘ईम’चा. टीम, क्रीम, ड्रीम, स्टीम, स्क्रीम. मी जीव मुठीत धरून उभी. हा खण माझा अगदी बरोबर होता, तुझ्या पानाशी तीनदा पडताळलेला. नानांनी पहिली चिठ्ठी उचलली, बघितली, जागेवर ठेवली आणि वॉकरला धरून तसेच उभे राहिले.

“आइस्क्रीम पहिलं कोणी लावलं?”

मी म्हटलं, तसंच होतं ना.

“होतं. चाळीस वर्षांपूर्वी.” मग म्हणाले, “आधी लहान शब्द, मग लांब, सगळ्यात मागे बोलण्यातले तुकडे, हा नियम. पण आठ वर्षांचा एकजण हटून बसला होता की आइस्क्रीम आधीच पाहिजे. मी ठेवलं तसं. तो शिकायला बाहेर गेला त्या वर्षी मागे नेलं. पुढे होतं हे दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातला एक मी.”

मी खण हळूच आत ढकलला.

“थोरला बोलला तुझ्याशी?”

“बोलला नाही. लिहिलं.”

“काय लिहिलं?”

“खण एक : आइट.”

नाना हसले, दादा. चांगले खांदे हलवून हसले, इतके की मला वॉकर धरावा लागला. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, आता सगळं सांग. मी सगळं सांगितलं. ए ते झेड, पट्ट्या, भजी, डॉक्टरीणबाई, कुलूप, किल्ली माझ्या कमरेला आहे तेसुद्धा. मला वाटलं, आता कडाडतील. पण ते जरा पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, “झेडचे किती निघाले?”

“एकेचाळीस.”

“एवढेच?” त्यांना खरंच नवल वाटलं. मग क्यूचे किती, एक्सचे किती, हे सगळं विचारून झालं. “मला कधी दिसलं नसतं हे. मोडायच्या आधी मला दाखवायचं होतंस.” बराच वेळ त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मी उठून चहा टाकायला गेले, तर पाठीमागून म्हणाले, “मुंगे, विचारायचं होतंस गं. मी इथेच बसलेलो असायचो.”

तेवढंच म्हणाले. रागानं नाही. मी स्वयंपाकघरात रडून घेतलं आणि चहा घेऊन आले. मग विचारलं, फादर आणि मदर कामकऱ्यांच्या रांगेत का? नानांनी कप खाली ठेवला आणि पाऊण तास सांगितलं. मला त्यातलं अर्धंच कळलं. उद्या पुन्हा विचारणार आहे.

तुझी अकरा पानं त्यांनी मागून घेतली. छापखान्यात असताना मुद्रितं तपासायचे तशी शेवटच्या शब्दापासून उलटी वाचली, पेन्सिल कानावर ठेवून. सतरा चुका काढल्या. पानं सोबत पाठवतेय, बघ. पण चौथ्या पानावर, जिथे तू ‘आउट ऑफ साइट’ आणि ‘ऑल राइट’ची अदलाबदल केलीस, तिथे त्यांनी चूक म्हणून खूण केलेली नाही. कडेला ‘चालेल’ लिहिलंय. नानांनी कोणाच्या कामावर ‘चालेल’ लिहिलेलं मी तरी आजवर पाहिलं नाही.

राहिलेले पाच खण लावायला काल आम्ही बसलो. एकानं वाचायचं आणि एकानं लावायचं, हे दोन माणसांचं काम आहे. मी वाचलं. दहा-बारा चिठ्ठ्या झाल्यावर त्यांनी हात वर केला. म्हणाले, “तू हजेरी घेतेस. शब्दाला शेवटाशी जरा टेकू द्यावं लागतं.” पुन्हा प्रयत्न केला, काकूंनीही करून पाहिला. काकूंचं वाचन माझ्याहून वाईट. मग नानांनी पाचही खण बंद केले आणि म्हणाले, “राहू देत असेच.” का म्हणून मी विचारलं. आता मी विचारते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

म्हणून मीच लिहिते. पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं की तुला ये म्हणत नाहीये. तेव्हाही म्हणायचंच होतं. ये. चार दिवस ये, दोन ये. काही बोलायला लागणार नाही, नुसतं वाचायचंय. त्यांचं वय ब्याऐंशी आहे आणि ते पुन्हा पडले तर काय, हे मी लिहीत नाही, तुला कळतं. नाना तुझी खूप वाट बघतात.

पत्र इथवर लिहून झालं तेव्हा नानांनी हात पुढे केला. टपालात जाणारं काहीही ते आधी वाचतात, तुला माहीतच आहे. मी घाबरत घाबरत दिलं. त्यांनी माझे तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एका जागी स्वल्पविराम घातला. शेवटच्या वाक्याशी पेन्सिल थांबली. मला वाटलं, अख्खं वाक्य जाणार. त्यांनी ‘खूप’ खोडलं. फक्त ‘खूप’. म्हणाले, “नको तो शब्द आहे, त्याच्यावाचून अर्थ पुरा होतो.” कागद मला परत दिला.

मी पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होते. निम्मा झाला असेल, तेवढ्यात त्यांनी कागद पुन्हा मागितला.

वरच्या परिच्छेदात ‘खूप’वर रेघ आहे आणि खाली तीन टिंबं आहेत. घाईत वाचशील आणि पेन्सिलीचे डाग समजशील, म्हणून सांगते. मलाही खूण माहीत नव्हती, नानांना विचारावी लागली. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं : खोडलेलं चुकून खोडलं असेल, ते होतं तसंच राहू द्यायचं असेल, तर खाली टिंबं देतात.

तुझी,
मुंगी